चेहरा पाहून दिलेली नोकरी
(अहिल्यानगर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बेकारीचा विचार करताना आपण नोकऱ्या किती एवढेच मोजतो. त्या कोणाला व कशासाठी नाकारल्या जातात हे पाहत नाही. आपल्या जिल्ह्यात शिर्डीला भाविकांच्या वर्दळीवर हॉटेले उभी राहिली, २०१७ साली विमानतळ झाला. कोरडवाहू शेतीत राम उरला नाही म्हणून खेड्यातील मुलेमुली स्वागतकक्षातल्या नोकरीकडे वळतात. तेथे अट असते ‘आकर्षक व्यक्तिमत्त्वा’ची. तिचा अर्थ मालकाला कोणी विचारत नाही.

ही अट जुनीच आहे. विमानातील सेविकेला मराठीने नावच दिले ‘हवाई सुंदरी’. तिच्या पुरुष सहकाऱ्याला ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. एअर इंडियात तिला पस्तिसाव्या वर्षी किंवा पहिल्या गरोदरपणी घरी पाठवीत. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. तरुण, आकर्षक स्त्रियाच हे काम नीट करतात, असा महामंडळाचा दावा होता. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला व गरोदरपणाची अट रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील लग्नबंदी मात्र उचलून धरली. एवढा अर्धामुर्धा न्याय मिळाला तोही एअर इंडिया तेव्हा सरकारी होती म्हणून. खाजगी हॉटेलमालकाला घटनेचे सोळावे कलम लागू नाही.

मालक म्हणतो, ‘गिऱ्हाइकालाच तसे हवे असते.’ गिऱ्हाइकाच्या पूर्वग्रहाची अर्थशास्त्रीय मांडणी गॅरी बेकर यांनी १९५७ साली केली. असा पूर्वग्रह बाजारातील स्पर्धेने सहसा मोडत नाही, कारण त्याला शरण जाणे मालकाला परवडते. भुर्दंड पडतो उमेदवारावर.

आणि हे रूप म्हणजे तरी काय? पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराची मुलगी उसाच्या फडात, उन्हात वाढते. पोटभर दूध नाही, दातांचा डॉक्टर ठाऊक नाही. मुलाखतीत जिला ‘स्मार्ट’ म्हणतात तिच्या अंगावर सुस्थित घराची वीस वर्षांची गुंतवणूक दिसत असते. म्हणजे निवड होते ती वर्गाची, आणि पुष्कळदा जातीचीही.

स्वच्छ गणवेश, अदबीचे बोलणे या अटींना आपला विरोध नसावा. त्या गोष्टी महिन्याभरात शिकवता येतात. अर्जासोबत छायाचित्र मागू नये आणि नाकारल्याचे कारण लेखी द्यावे, एवढी मागणी घेऊन आपण प्रथम शिर्डीच्या हॉटेलमालकांकडे जाऊ. त्यासाठी आपापल्या तालुक्यातील अशा जाहिराती कापून ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.