कोमट पाणी आणि सरकारी मौन



१९७६ च्या जुलैत फिलाडेल्फिया येथे 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर न्यूमोनियासारख्या अनोळखी विकाराने कित्येक प्रतिनिधी दगावले. पुढल्या वर्षी रोगजंतू सापडला. संघटनेवरूनच त्याला 'लीजनेला' हे नाव मिळाले. दैवदुर्विलास असा, की २०१५ च्या उन्हाळ्यात याच जंतूने इलिनॉय राज्यातील क्विन्सीच्या सरकारी माजी सैनिक निवासात बारा वृद्धांचे प्राण घेतले.

हा जंतू माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. तो वाढतो कोमट, साचलेल्या पाण्यात. नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात, वापरात नसलेल्या खोलीकडे गेलेल्या नळीच्या बंद टोकाशी. शॉवरच्या सूक्ष्म तुषारांवाटे तो फुफ्फुसात शिरतो. धडधाकट माणूस बहुधा निभावतो. वृद्ध आणि दुर्बळ निभावत नाहीत. रुग्णालये व वृद्धाश्रम भरलेले असतात ते यांनीच!

उपाय अगम्य नाहीत. गरम पाणी ६० अंश सेल्सिअसवर साठवावे, थंड पाणी २० अंशांखाली राखावे. (आपल्याकडे वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले 'थंड' पाणी हा आकडा केव्हाच ओलांडते, तेव्हा टाकीवर सावली आणि पाण्यात पुरेसे क्लोरीन यांवाचून गत्यंतर नाही.) रिकाम्या खोल्यांतील नळ दर आठवड्यास सोडावेत. नेब्युलायझरमध्ये निर्जंतुक पाणीच घालावे. ही कामे प्लंबरची, बॉयलर सांभाळणाऱ्याची, सफाई कामगाराची, परिचारिकेची. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम पडते ती मात्र देखभालीवरच.

क्विन्सीत आणखी एक गोष्ट घडली. साथ असल्याचे राज्याच्या अधिकाऱ्यांना कळल्यानंतर जाहीर निवेदन निघण्यास सहा दिवस लागले. २०१६ मध्ये नवी जलशुद्धीकरण यंत्रणा बसली, तरी रुग्ण सापडतच राहिले. जानेवारी २०१८ मध्ये राज्याचे निर्वाचित प्रमुख, राज्यपाल ब्रूस राऊनर, तेथे आठवडाभर मुक्कामास राहिले. राज्यपालांनी स्नान केल्याने पाणी निर्दोष ठरत नाही, हे सांगावयास नकोच. मृतांच्या कुटुंबीयांना सरकारकडून मिळू शकणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा तेव्हा होती एक लाख डॉलर. ती वीस लाखांवर नेणारे विधेयक राज्यपालांनी अडविले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विधिमंडळाने त्यांना डावलून ते संमत केले.

आपल्या सार्वजनिक रुग्णालयांकडे माझी मागणी साधी आहे. पाण्याचे तापमान आणि क्लोरीन यांची रोजची नोंदवही ठेवावी आणि ती अधीक्षकांच्या कपाटात न ठेवता वॉर्डाच्या दाराशी, रुग्णाच्या नातेवाइकाला वाचता येईल अशी, टांगावी.