मिसळीला गुण देताना



आज मी आपल्याशी मिसळीविषयी बोलणार आहे. आकाशवाणीवरून मिसळीवर भाषण, म्हणून काहीजण हसतील. हसा खुशाल. मात्र शेवटपर्यंत ऐका. कारण ३६ वर्षे मुलांचे पेपर तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला या मिसळीने उतारवयात एक धडा दिला, आणि तो शिक्षकबंधूंच्या कानावर घालावा असे मला वाटते.

आमचे कोपरगाव गोदावरीच्या काठावर. एका अंगाला बेट आणि तेथले शुक्राचार्यांचे देऊळ, दुसऱ्या अंगाला नगर-मनमाड रस्ता. तालुक्यात कोळपेवाडीला आणि सहजानंदनगरला सहकारी साखर कारखाने. शिर्डी तर हाकेच्या अंतरावर. २००९ साली साईनगर शिर्डीचे स्टेशन सुरू झाले. त्याआधी रेल्वेने येणारे पुष्कळ यात्रेकरू कोपरगावला नाहीतर मनमाडला उतरत. यात्रेकरू, ऊसगाडीवाले, बाजाराला आलेले शेतकरी, कॉलेजची पोरे, अशा नाना तऱ्हेच्या गिऱ्हाइकांमुळे आमच्याकडे मिसळीची हॉटेले कमी नाहीत. हॉटेल म्हणजे काय, तर चार बाकडी आणि एक भट्टी असली तरी आपल्या भाषेत ते हॉटेलच.

मिसळ दिसायला सोपी. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि सगळ्यावर ओतलेला झणझणीत रस्सा. सोबत पाव. पण करून बघा म्हणजे कळेल. मटकी भिजवून फडक्यात बांधावी लागते. थंडीत मोडाला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात जरा दुर्लक्ष झाले की आंबूस वास येतो. वाटणाचा कांदा-खोबरे कमी भाजले तर रस्सा कच्चट, जास्त भाजले तर कडवट. फरसाण असे हवे की रस्सा पडल्यावरही चार घास कुरकुरीत राहील. आमच्या बाजूला काळ्या मसाल्याचा रस्सा लोकांना आवडतो. त्यातली मिरची आपण आपली समजतो खरी, पण ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. पाव हा शब्दही त्यांचाच. आणि २०१५ साली लंडनमध्ये जाहीर झालेल्या एका पुरस्कारात मुंबईच्या दादरमधल्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तूंची आपण अशी गाठ घातली की जगाने तिला शाबासकी द्यावी.

ही शाबासकीची बातमी आमच्या कट्ट्यावर पुन्हा निघाली आणि तेथूनच आमच्या उद्योगाला सुरुवात झाली. आम्ही तिघे मित्र. मी निवृत्त शिक्षक, दुसरे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, तिसरे गोदाकाठचे ऊसवाले शेतकरी. ठरले असे की गावातल्या सहा ठिकाणची मिसळ खायची, प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे आणि पहिला नंबर काढायचा. एका रविवारी सकाळी आठाला निघालो, साडेअकराला सहावी मिसळ संपवली, आणि घरी येऊन दुपारभर पोटावर हात ठेवून पडून राहिलो.

गुणांची यादी मी वहीत लिहिली होती. कंडक्टरसाहेबांच्या भाच्याने ती पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि चार मित्रांना पाठवला. संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. आम्हाला तेव्हा त्याचे कौतुकच वाटले.

आठवड्याने मी बाजारातून चाललो होतो. बाजाराच्या कडेला एक ताई हातगाडीवर मिसळ विकतात. आमच्या यादीत त्यांचा नंबर शेवटचा होता. त्यांनी हाक मारली.

“गुरुजी, तुम्ही मला दहात चार दिले म्हणे?”

मी ओशाळलो. म्हटले, “ताई, ते आपलं गमतीनं केलं होतं.”

त्या म्हणाल्या, “गमतीनं का होईना. पोरं गाडीपाशी येऊन ‘चार मार्कवाली’ म्हणून हसतात आणि पुढं जातात. गिऱ्हाईक कमी झालंय, पण त्याचंही जाऊ द्या. मी कशात कमी पडले ते तरी सांगा. मटकीत, रश्शात, का पावात? नुसत्या चारानं मी काय सुधारू?”

श्रोतेहो, मला उत्तर देता आले नाही. वही उघडून पाहिली असती तरी तिच्यात नुसता चारच होता. कारण लिहिलेलेच नव्हते. आणि त्याच क्षणी मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. निबंधाची वही घेऊन तो टेबलापाशी उभा होता. मी लाल शाईने दहात चार दिले होते. “गुरुजी, काय चुकलं?” असे त्याने विचारले, आणि “पुढच्या वेळी नीट लिही” असे म्हणून मी त्याला जागेवर पाठवले होते.

घरी येऊन मी त्या रविवारचा विचार केला. ताईंची मिसळ आम्ही पाचव्या खेपेला खाल्ली होती. पहिले हॉटेल स्वच्छ फरशीचे, आरशाचे. तेथे आम्ही भुकेले गेलो आणि आठ गुण देऊन मोकळे झालो. चौथ्या ठिकाणचा रस्सा इतका जहाल की डोळ्यांतून पाणी आले. पाचव्या ठिकाणी पोट भरलेले आणि जीभ भाजलेली, मग चव कसली कळते?

तिखटाचे हे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. गोड, आंबट, खारट, कडू या चवी आहेत. तिखट ही खऱ्या अर्थाने चव नाही. मिरचीतले द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आणि मेंदूला वाटते, तोंड भाजले. ते द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग थांबत नाही. दूध-दह्यातल्या प्रथिनामुळे ते जिभेवरून सुटते, म्हणून दह्याने बरे वाटते. १९१२ साली स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा तिखटपणा मोजण्याची एक रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जायचे, आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पाणी लागले ते मोजायचे. त्या रीतीतही अडचण हीच, की एकदा भाजलेली जीभ पुढच्या घोटाला खरी साक्ष देत नाही.

आता जगात असे गुण देणारे लोक काय करतात तेही पाहिले. इटलीतल्या नेपल्स शहराचा पिझ्झा आता आपल्या गावांतही पोचला आहे. तेथल्या कारागिरांनी १९८४ साली संस्था स्थापून, अस्सल पिझ्झा कशाला म्हणावे, पीठ कसे, भट्टी कशी, हे लिहून काढले. म्हणजे कसोटी आधी आणि निकाल मागून. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीचे खानावळींना तारे देणारे एक पुस्तक निघते. त्यांचे परीक्षक ओळख न सांगता जातात आणि बिल स्वतः भरतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात ती दिली आहे. एक बाई म्हणतात, पेल्यात आधी दूध ओतले की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. वाद कशाला घालायचा? आठ पेले करा, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि बाईंना ओळखू द्या. नुसत्या अंदाजाने आठही पेले बरोबर येण्याचा संभव सत्तरात एक.

मी मित्रांना म्हटले, आपण पुन्हा परीक्षा घेऊ, आणि या खेपेला रीतसर घेऊ.

आधी कसोट्या ठरवल्या. मटकी, रस्सा, फरसाण आणि पाव, प्रत्येकी दहा गुण, एकूण चाळीस. स्वच्छता झाकल्या डब्यात दिसत नाही, म्हणून ती आदल्या दिवशी जागेवर जाऊन वेगळी पाहिली: पाण्याचा पेला, हात, झाकण, फडके. मग भाच्याने सहाही ठिकाणांहून मिसळ आणली. रस्सा वेगळा, फरसाण वेगळे. आमच्या घरातून रस्सा सारखाच गरम करून सगळे सारख्या डब्यांत भरले गेले, डब्यांवर नुसते आकडे, आणि कुठला आकडा कुणाचा ते त्यांनी आपल्यापाशी ठेवले. तिघांनी तीन वेगळ्या क्रमांनी चाखायचे. प्रत्येकाला दोन चमचे, मध्ये दही, मग साधे पाणी, मग पाच मिनिटे थांबायचे. आकड्यापुढे एका ओळीत कारण लिहायचे. एकमेकांच्या वहीत डोकावायचे नाही.

डबे मोजले तर सात होते. मी विचारले, “सहा हॉटेलं, आणि डबे सात कसे?” त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही आधी खा. मग सांगते.”

निकाल असा लागला. आरशाचे हॉटेल पहिल्या नंबरावरून चौथ्यावर गेले. एका जुन्या हॉटेलला तिघांच्या सरासरीने ३० गुण पडले. आणि बाजारातल्या ताईंना पडले २८, नंबर दुसरा. मटकी आठ, रस्सा नऊ, फरसाण सात आणि पाव चार. पावाचे चार वगळले तर त्यांच्यापुढे कोणी नव्हते.

मग सातव्या डब्याचा उलगडा झाला. आमच्या मंडळींनी स्टेशनरोडच्या एका हॉटेलची मिसळ मुद्दाम दोन डब्यांत भरली होती. त्या एकाच मिसळीला मी एका डब्यात ३१ गुण दिले होते आणि दुसऱ्यात २४! एकीपुढे लिहिले होते “रस्सा खमंग”, दुसरीपुढे “रस्सा जरा करपट”. एकाच पातेल्यातला रस्सा, एकच जीभ, आणि मधे उणापुरा अर्धा तास.

घरातली सगळी हसली. मीही हसलो, पण मनातून चरकलो. माझ्याच हातून सात गुणांचा फरक पडतो, तर ३० आणि २८ यांतला पहिला कोण आणि दुसरा कोण हे मी कशाच्या जोरावर सांगू? आणि ३६ वर्षांत एक-दोन गुणांनी मी किती मुलांना खाली-वर केले असेल? एखादी वही रात्री अकराला, साठाव्या नंबरावर हाती आली असेल, तेव्हा माझी नजरही त्या जिभेसारखीच भाजलेली नसेल कशावरून?

म्हणून आम्ही नंबर काढायचे सोडून दिले. सहांचे तीन गट केले: मुद्दाम जाऊन खावी अशी मिसळ, भूक लागली तर खावी अशी, आणि सुधारणेला जागा असलेली. प्रत्येकाच्या नावापुढे गुण थोडे आणि कारण जास्त लिहिले. कोणासाठी बरी तेही लिहिले, कारण यात्रेकरूला सोसेल तो रस्सा ऊसगाडीवाल्याला पाणचट लागतो. त्यात दोघांपैकी कोणाचेच चुकत नाही.

मी ताईंकडे जाऊन सगळे वाचून दाखवले. पावाचे चार गुण ऐकून त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. मी थोडे घेणारी. मोठ्यांचं झाल्यावर उरतो तो आदल्या सांजचा पाव मला मिळतो. ताजा मिळणं माझ्या हातात नाही. पण तव्यावर भाजून देणं हातात आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्या पाव भाजून देऊ लागल्या. कमी कशात पडते हे कळले तेव्हा उपाय त्यांनीच शोधला.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रयोग शाळेत जरूर करा. मिसळ नको, राहात्याचे पेरू घ्या, नाहीतर तीन ठिकाणचा गूळ घ्या. वाट्यांवर आकडे घाला, त्यांतली एक वाटी गुपचूप दोनदा ठेवा. मुलांना गुण देऊ द्या, सरासरी काढू द्या, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक ओळ कारण लिहायला लावा. गणित होईल, भाषा होईल, आणि आपलीच जीभ आपल्याला कशी फसवते ते मुलांना लहानपणीच कळेल. मग त्याच आठवड्यात मुलांच्या वह्या तपासताना आपणही आकड्यापुढे एक ओळ लिहा. वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. पण ती एक ओळ नसेल तर मुलाने नुसत्या चाराचे काय करावे?

आणि शेतकरीबंधूंनो, आपलाही माल बाजारात कोणीतरी पाहतो, एक नंबर दोन नंबर ठरवतो. तेव्हा आपणही जरूर विचारा, कशात कमी पडला?

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. आमची दुसरी यादी, कारणांसकट, भाच्याने मोबाइलवर पाठवली. पण पहिली काही परत बोलावता आली नाही. ती अजून कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये असेल, दहात चार, खाली माझे नाव. आपल्यापैकी कोणाकडे ती आली असेल तर कृपा करून पुढे पाठवू नका. त्यापेक्षा कधी कोपरगावला आलात तर बाजाराच्या कडेला ती हातगाडी शोधा, पाव भाजून मागा, आणि आपले गुण आपणच द्या. कारणासह.