धान्यदेवीची लेक

मंडळी, ग्रीस देशातली ही गोष्ट. तिथल्या सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या एका स्तोत्रात ती आली आहे.

डिमीटर ही धान्याची देवी. तिची लाडकी लेक पर्सेफोनी रानात फुलं तोडत होती. तोच जमीन दुभंगली. पाताळाचा राजा हेडीस रथातून वर आला नि पोरीला पळवून घेऊन गेला. बाप झ्यूस, देवांचा राजा. त्याची याला आतून संमती होती. आईला मात्र कोणी विचारलं नाही!

नऊ दिवस आई मशाली घेऊन हिंडली. पोटात अन्न नाही, अंगाला पाणी नाही. खरं कळलं तेव्हा ती इल्युसिस गावच्या देवळात रुसून बसली. पेरलेलं उगवेना. माणसं उपाशी, देवांचा नैवेद्यही बंद. तेव्हा कुठे झ्यूसला जाग आली.

लेक परत आली. पण निघताना हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा चारला होता. त्यामुळे वर्षाचे चार महिने पाताळात, बाकीचे आईजवळ, असं ठरलं.

हे चार महिने थंडीचे, असं बहुतेक सांगतात. काही विद्वान म्हणतात, उन्हाळ्याचे. ग्रीसमध्ये गहू पावसाळ्याच्या तोंडाशी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. उन्हाळा लागताना कापणी होते. मग रान उघडं, आणि बियाणं जमिनीखाली पेवात. मला हेच पटतं.