तबकडीवरील अदृश्य सही

किंमती घड्याळें जमविणें ही धनिकांची मिरवण्याची हौस, असा समज आहे. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. तथापि ह्या छंदांत नजरेचाहि कस लागतो, आणि तो लागतो तबकडीपाशीं.

पॅरिस येथें कीर्तीस चढलेला घड्याळजी अब्राहम लुई ब्रेगे (१७४७–१८२३) ह्याचींच घड्याळें पाहावींत. त्याचा जन्म स्वित्झर्लंडांतील नशातेलचा. त्या काळीं श्रीमंतांच्या तबकड्या नक्षीनें इतक्या भरलेल्या असत कीं, त्यांत वेळ शोधावी लागे. ब्रेगेनें ती नक्षी काढून टाकिली. शुभ्र मिन्यावर किंचित् कललेले आंकडे आणि टोकाशीं पोकळ वर्तुळ असलेले बारीक काटे, एवढेंच त्यानें ठेविलें. सोन्याचांदीच्या तबकड्यांवर यंत्राच्या साह्यानें त्यानें सूक्ष्म रेघांचें जणूं विणकाम केलें. त्या रेघांनीं धातूची चकाकी मरते, आणि तासांची व सेकंदांची जागा वेगवेगळी उठून दिसते.

कीर्तीमागोमाग नकलाहि आल्या. तेव्हां १७९५ च्या सुमारास तो बाराच्या आंकड्याजवळ स्वतःची सही अतिशय पुसट कोरूं लागला. समोरून पाहणारास ती दिसत नाहीं. तिरप्या उजेडांत घड्याळ हळूहळू कलतें करावें, तेव्हां अक्षरें उमटतात.

पैशानें घड्याळ हातीं येतें. ती सही दिसण्यास मात्र उजेड, धीर आणि सरावलेली नजर लागते. आणि ह्या तिहींवांचून केलेला संग्रह म्हणजे नुसता सांठा होय.