तेरचे कापड आणि रोमचा मान



तामलवाडीच्या माणसाला ग्रीस-रोमशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच जिल्ह्यातले तेर म्हणजे त्या काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे की, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागते आणि तिथले कापड आडवाटेने गाड्यांवरून भडोचला जाते. पुढे जहाजे. हिंदुस्थान दरसाल 5 कोटी सेस्टर्स (हे रोमचे नाणे) ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार होती. त्यातले तेरच्या विणकराच्या हाती किती पडले, हा हिशेब त्याने मांडलेला नाही!

तिकडे मान मालमत्तेवर मोजत. अथेन्सच्या सोलोनने इ. स. पूर्व 594 च्या सुमारास कर्जापायी गुलाम होण्याची चाल बंद केली, हे थोर काम. परंतु पदे त्याने शेतीच्या उत्पन्नावर वाटली. 500 मापे पिकवणारा सर्वांत वर. मजुराने सभेत बसावे, पद मागू नये. रोममध्ये ऑगस्टसच्या काळी सिनेटर होण्यास 10 लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. पण नुसता पैसाही पुरत नसे. मुक्त झालेला गुलाम कितीही धनवान झाला तरी पदास अपात्र. त्याच्या मुलाला मात्र वाट मोकळी होई. आपल्याकडे पणतवालाही ती मोकळी नव्हती.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिभेद निर्मूलन' भाषणात रोमचाच दाखला दिला आहे. सामान्य प्लेबियनांना आपला कौन्सुल निवडण्याचा हक्क मिळाला. पण तो माणूस देवतेला मान्य असावा लागे, आणि कौल सांगणारे पुजारी उमरावांचे. मग कणखर माणूस येणार कुठून? राखीव जागेवर सरपंच कोणाला करायचे हे वाड्यावर ठरते, तेव्हा आम्हाला हा दाखला आठवतो.

आम्ही पडलो बँकेतले कारकून. कर्ज मागायला आलेल्याचा आधी सातबारा पाहणारे. म्हणून नाशिकच्या लेण्यातला एक शिलालेख आम्हाला फार आवडतो. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी 3000 कार्षापण कायमची ठेव ठेवली, ती गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 वर दरमहा शेकडा 1, उरलेल्या 1000 वर पाऊण टक्का. 2000 चे वर्षाचे व्याज 240. वीस भिक्खूंच्या चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो. राजाच्या जावयाने तारण मानले ते विणणाऱ्या हातांना.

तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालय जरूर पाहा. जयभीम.