डोंगऱ्या देवाचं वारं



नागली, वरई खळ्यावर आली आणि मार्गशीर्ष लागला, की सुरगाणा, कळवण, बागलाणच्या पाड्यांवर पावरी वाजू लागते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांध्यांना मेण, एवढ्यातून हे वाद्य तयार होतं. वाजवणारा सूर तुटू देत नाही. गालांत हवा धरून ठेवतो आणि तेवढ्यात नाकानं श्वास घेतो. त्याच्याभोवती अंगणात रिंगण धरून नाचतात त्या डोंगऱ्या देवाच्या माऊल्या. व्रत घेतलेला पुरुष असला तरी तोही माऊलीच. पौर्णिमेपर्यंत उपास, सोवळं पाळायचं, दारोदार जाऊन नाचायचं आणि शेवटची रात्र गडावर जागवायची.

नाचता नाचता कुणाचे तरी पाय थरथरतात, मान हलू लागते, माणूस घुमतो. कोकणा आणि भिल्ल वस्त्यांवर त्याला एकच शब्द आहे : वारं आलं.

हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण तो दूर देशीही असाच भेटतो. नायजेरिया आणि नायजर या देशांत हौसा लोकांची बोरी नावाची जुनी परंपरा आहे. हौसा भाषेत इस्का म्हणजे वारा, आणि अंगात संचारणाऱ्या शक्तीलाही इस्काच म्हणतात. या शक्तींचं जांगारे नावाचं अदृश्य नगर आहे. तिथं राजा आहे, घराणी आहेत. माणूस आजारी पडला, की त्याला कुणी धरलंय ते ओळखायचं. दर शक्तीची चाल वेगळी. ती वाजवणारं गोगे हे एकतारी वाद्यही भोपळ्याचंच. ज्याच्या अंगात येतं त्याला ते घोडा म्हणतात, स्वार वरून येतो म्हणून. आपण त्याला झाड म्हणतो. वाऱ्यानं हलायचं आणि मुळं जागच्या जागी ठेवायची, हे झाडालाच जमतं.

हौसांकडे 1804 साली उस्मान दान फोदिओ यांचं धर्मयुद्ध सुरू झालं आणि पुढच्या राजवटीत बोरीला पाखंड ठरवलं गेलं. तरी ती टिकली, आणि तिला धरून ठेवण्यात बायकांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडेही चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर वाद्यांचा नाद चढला, की खानदेशातून पायी आलेल्या कितीतरी बाया घुमतात. घरात जिचा शब्द कुणी ऐकत नाही, तिच्यापुढे त्या घडीला अख्खं घर हात जोडून उभं राहतं. तिचं ते बोलणं नाटक आहे असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरवण्याची घाई शहाण्या माणसानं करू नये.

पण याच वाऱ्याच्या नावावर धंदा करणारेही आहेत. तापानं फणफणलेल्या पोराला दवाखान्याऐवजी अंगाऱ्याच्या भरवशावर ठेवणारे, बाईला चेटकीण ठरवून मारणारे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. अंगात संचार झाल्याचं भासवून लोकांना धाक घालणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. माझी कसोटी साधी आहे. वारं कुणाला भीती घालतंय का, आणि त्याच्या नावानं पैसा मागितला जातोय का? डोंगऱ्या देवाच्या रिंगणात मला यातलं काही दिसत नाही. तिथं एकाच्या अंगात येतं आणि त्याला सांभाळायला सगळा पाडा उभा असतो. घुमणारा पडू नये म्हणून शेजारचा त्याला धरतो. रात्री थाळीवर मेणानं बसवलेल्या काडीवरून बोटं ओढत कथा लावतात, धान्याची माय कणसरीची. तो सूर पावरीपेक्षा बारीक, कान देऊन ऐकावा असा.

मंडळी, यंदा मार्गशीर्षात त्या बाजूला जाणं झालं, तर रिंगणाबाहेर उभे राहा. मोबाइल खिशात ठेवा, चित्रण करायचं असेल तर आधी पाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते नको म्हणाले तर नुसती पावरी ऐका.