फांदी होऊन बसणारा पक्षी



कोल्हापूरहून राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे निघालं की दाजीपूरचं रान लागतं. दाजीपूर म्हटलं की डोळ्यांपुढे गवा उभा राहतो. गव्यासाठीच तर 1958 साली हे अभयारण्य झालं. आज मात्र याच रानातल्या एका वीतभर पक्ष्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याचं नाव बेडूकतोंड्या. पक्षिनिरीक्षक त्याला श्रीलंकन फ्रॉगमाऊथ म्हणतात. साऱ्या जगात तो दोनच ठिकाणी राहतो: श्रीलंकेत आणि आपल्या पश्चिम घाटात. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1849 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. चोच आखूड, पण एवढी रुंद की जबडा उघडला की बेडूकच आठवावा. या जबड्यात तो रात्रभर किडे आणि पतंग टिपतो.

दिवसाचं त्याचं वागणं मला फार विलक्षण वाटतं. नर राखाडी, मादी तांबूस. दोघं वाळक्या पानांच्या झुबक्यात, एकाच फांदीवर, एकमेकांना खेटून बसतात. चाहूल लागली तरी उडत नाहीत. डोळे बारीक करतात, मान सावकाश वर नेतात, चोच आभाळाकडे धरतात आणि तशीच थिजतात. आपल्याला दिसतो तो फक्त मोडलेल्या फांदीचा खुंट. पळण्यापेक्षा स्थिर राहण्यावर एवढा भरवसा ठेवणारा जीव विरळाच.

घरटंही तसंच. शेवाळ, दगडफूल, सालीचे तुकडे आणि स्वतःची मऊ पिसं यांची एक गादी, जेमतेम चहाच्या कपाच्या तोंडाएवढी. तिच्यावर पांढरं अंडं, तेही एकच. दिवसा ते नर उबवतो. त्याच्या राखाडी अंगाखाली घरटं पार झाकून जातं आणि फांदीला आलेल्या गाठीसारखं दिसतं. पिल्लू उडून गेलं की नर ते घरटं मोडून टाकतो, असंही निरीक्षकांनी नोंदवलं आहे. मागे खूण म्हणून उरू द्यायची नाही!

श्रोतेहो, हा पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखायचा. कडूस पडलं, झाडांचे आकार एकमेकांत मिसळले, की मादीची कर्कश, उतरत जाणारी हाक येते. नर खळखळून हसल्यासारखा प्रतिसाद देतो. ती हाक आणि तो प्रतिसाद ऐकला की रान जागं झाल्याचं कळतं.

जगाच्या यादीत हा पक्षी अजून धोक्यात आलेल्यांमध्ये मोडत नाही. पण त्याला दाट, सावलीचं रान लागतं. ते विरळ झालं की दुसरीकडे थारा नाही. पश्चिम घाटात त्याची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात होते. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे डोंगर पेटवले जातात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीनं. सड्यावरची आग तिथंच थांबत नाही, कडेच्या झाडीत शिरते. ज्याला धोका दिसला तरी न हलणंच ठाऊक, त्यानं वणव्यापुढे काय करावं?

दुसरा त्रास आपल्या हौसेचा. फोटोसाठी बसल्या जागेपर्यंत जायचं, फ्लॅश मारायचा, मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलवायचं. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो अस्वस्थ होतो, बसल्या जागेवरून उठतो. अंडं एकच असताना ते उघडं पडणं परवडणारं नाही. दिवसा बसायची जागा तो कित्येक महिने बदलत नाही. म्हणून ती जागा सापडलीच, तर चार जणांना सांगू नका.

पावसाच्या तोंडावर तुमच्यापैकी पुष्कळ जण राधानगरीला काजवे बघायला जातात. जरूर जा. पण गाडीचे दिवे विझवा, मोबाइलची बॅटरी बंद करा, थोडा वेळ न बोलता उभे राहा. त्या अंधारात काजव्यांइतकाच या पक्ष्याचाही संसार आहे. वाटेकडेची एखादी वाळकी फांदी कदाचित बारीक डोळ्यांनी तुमच्याकडे बघत असेल. फांदीच समजून तुम्ही पुढे निघून गेलात, तर तो सुखरूप राहिला असं समजा.